कोंबडीच्या गळ्यात अडकलेला आपला कचरा

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशींची अंड्यावर असलेली गावरान कोंबडी मेली. ही काय बातमी आहे, असं तुम्ही म्हणाल. मीही आजवर तेच म्हणत आलो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आम्ही पत्रकारांनी कोंबडीवर रकानेच्या रकाने लिहिले. एरवी तिच्याकडे बघतो कोण?

मावशींच्या कोंबडीच्या गळ्याखाली चेंडूएवढा गोळा झाला होता. चार दिवस दाणा नाही. कुणी म्हणालं दृष्ट लागली. जनावरांच्या दवाखान्यात फोन केला तर उत्तर मिळालं, "एका कोंबडीसाठी कोण येणार?" मग मेडिकलमधून माणसाच्या अँटिबायोटिकची कॅप्सूल आणून पाण्यातून पाजली. पाचव्या दिवशी कुणाचं तरी ऐकून कोंबडी उलटी धरून गोळा दाबला. आतलं पाणी श्वासनलिकेत गेलं असणार. हातातच गेली.

कापून बघितली. दाण्याच्या पिशवीत वाळलं गवत, खताच्या गोणीचे प्लास्टिकचे दोरे आणि गुटख्याच्या पुडीचा तुकडा.

गळ्याच्या तळाशी असलेल्या या पिशवीला डॉक्टर लोक क्रॉप म्हणतात. कोंबडी दिवसभर टिपलेलं तिथे साठवते. संध्याकाळी ती भरलेली असते, रात्रीतून रिकामी होते. म्हणून तपासायची वेळ पहाटेची. खुराडं उघडल्यावर, दाणे टाकायच्या आधी हात लावून बघा. रिकामी असेल तर ठीक. कडक गोळा लागला तर काहीतरी अडकलंय. मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि चोचीतून आंबूस वास आला तर आत बुरशी वाढलीय. अशा वेळी अँटिबायोटिक दिलं तर चांगले जिवाणू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. तिथे बुरशीवरचंच औषध लागतं, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलेलं.

कडक गोळ्यावर दाणा बंद, पाणी चालू. कोंबडी सरळ धरून दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने चोळा. उलटी धरू नका. दुसऱ्या दिवशीही उतार नसेल तर डॉक्टरच गाठा. छोटी चीर देऊन गोळा काढता येतो. एकदम चार-पाच कोंबड्या गळपटल्या, हिरवट हगवण, मान वाकडी दिसली तर हा गळ्याचा आजार नाही. राणीखेत असू शकतो, लगेच दवाखान्यात कळवा.

आता मुद्द्याचं. परसातल्या कुक्कुटपालनाच्या योजनेतून पिल्लं वाटताना फोटो निघतात, आम्हीच छापतो. पण पिल्लू मोठं झाल्यावर ते आजारी पडलं तर बाईनं कुठं जायचं? डॉक्टरांवर सगळा राग काढण्यात अर्थ नाही. एकेका दवाखान्यामागे किती गावं असतात ते मला माहितीय. म्हणून मागणी साधी आहे. बाजाराच्या दिवशी एक तास फक्त कोंबड्या-शेळ्यांसाठी ठेवा. बचत गटाच्या बैठकीत पशुसखीकडून ही पहाटेची तपासणी हातात कोंबडी घेऊन दाखवा. याला वेगळा निधी लागत नाही.

आणि आपलं काय? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून. तरी पुड्या आणि पिशव्या गटारीत, उकिरड्यावर, आणि आता कोंबडीच्या गळ्यात. गोणी उसवली की दोरे तिथंच टाकणारे आपणच.

मावशींचं गणित मोठं नव्हतं. अंडी विकून नातीच्या वह्या-पेनाचा खर्च निघायचा. ज्यांच्या घरी म्हैस मरते त्यांच्याकडे पंचनाम्याला माणूस येतो. कोंबडी मेली तर मावशीच खड्डा खणते.

उद्या पहाटे खुराडं उघडाल तेव्हा एकदा हात लावून बघा. आणि तुमच्याकडच्या दवाखान्यात कोंबडी बघतात का, ते कमेंटमध्ये गावाच्या नावासह सांगा. यादी घेऊन मी स्वतः तालुक्याला जातो.