अपंग मजूर आणि नव्वद दिवसांचा दाखला

वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांनी छत्रपती संभाजीनगरास ऊर्जितावस्था आणली, हे कोणीही कबूल करील. परंतु ज्या हातांनी ही नगरी वाढविली, त्यांतील एखादा हात यंत्रात सापडून वा परांचीवरून पडून निकामी झाला, तर त्या मजुराची पुढे वाट काय, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित व व्यापारी बंधूंनी क्वचितच मनात आणला असेल.

ह्या बाबतीत कायदा सर्वस्वी निष्ठुर आहे असे नव्हे. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली व आता सामाजिक सुरक्षा संहितेखाली आलेली राज्य विमा योजना साध्या आजाराच्या भत्त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी मागते. कामावर झालेल्या इजेस मात्र अशी अट लावीत नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी हात गेला, तरी हक्क उत्पन्न होतो. निवृत्तिवेतनाच्या १९९५ च्या योजनेत वार्धक्यवेतनास १० वर्षांची सेवा लागते. पण नोकरीत असता कायमचे व पूर्ण अपंगत्व आल्यास एका महिन्याची वर्गणी पुरे होते. ह्यामागील तत्त्व न्यायाचे आहे. संकट काही सेवेची वर्षे मोजून येत नाही.

मग घोडे अडते कोठे? ते बांधकामावरील मजुरापाशी अडते. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेल्या पद्धतीप्रमाणे बांधकामाच्या खर्चावर शेकडा १ रुपया उपकर घेतला जातो व त्यातून राज्याचे कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत मजुरास ७५ टक्के वा अधिक कायमचे अपंगत्व आल्यास २ लाख रुपये देते. परंतु नोंदणीसाठी मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. दुष्काळाने गाव सोडून आलेला, नाक्यावर उभा राहून आज ह्या ठेकेदाराकडे तर उद्या त्या मिस्त्रीकडे जाणारा मजूर हा दाखला कोणाकडून आणणार? ठेकेदार सही देण्यास कचरतो, कारण सही म्हणजे जबाबदारी. काम खरे, इजा खरी. खोटा ठरतो तो केवळ कागदाअभावी मजूर!

अट काढल्यास खोटे लाभार्थी घुसतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु खोट्यास दाखला विकत मिळतो व खऱ्यास मागूनही मिळत नाही, अशी अट कोणास रोखते? इमारतीचा नकाशा मंजूर होताना उपकर भरला जातो. म्हणजे काम कोठे चालले आहे हे नगरपालिकेस ठाऊकच असते. त्याच वेळी मालकावर हजेरीपट ठेवण्याची व तो दरमहा सादर करण्याची सक्ती करावी. मग दाखला मजुराने शोधीत फिरावयास नको. शिवाय, मालकाने वर्गणी चुकविली तर विमा महामंडळाने मजुरास लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, अशी तजवीज १९४८ च्या कायद्यातच होती. तेच तत्त्व येथेही लागू करावे.

संजय गांधी निराधार योजना कामाचा पुरावा मागत नाही, हे खरे. पण तेथे उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि निराधार म्हणून मिळणारे साहाय्य व श्रमाने कमावलेला हक्क ह्यांत मोठे अंतर आहे.

सरकार सुधारणा करील तेव्हा करील. आमचे वाचक दुकाने, गोदामे व घरे बांधतात. त्यांनी आपल्या कामावरील प्रत्येक मजुराचे नाव पहिल्या दिवशीच वहीत लिहावे व मागताच दाखला द्यावा. उधारीची पैन् पै टिपणाऱ्या पेढीस एवढी नोंद जड जाऊ नये.