हप्ता विचारू नका, गाडी कितीला ते विचारा

"महिन्याला साडेबाराशे दिरहम, आणि नवी कोरी पिकअप दारात!" गेल्या वर्षभरात हे वाक्य मी किमान दहा जणांकडून ऐकलं असेल. कुणी एसी मेंटेनन्सवाला, कुणी टाइल्सचा मिस्त्री, कुणी काल-परवापर्यंत आमच्याच साइटवर फोरमन होता आणि आता दोन पोरं घेऊन जिप्समची छोटी कामं करतो. अशाला विचारा, "गाडी कितीला पडली?" तो हप्ता सांगतो. पुन्हा विचारा, "अरे, हप्ता नाही, गाडी कितीला?" मग तो मोबाईलमध्ये कागद शोधायला लागतो.

हा राग मला त्या माणसावर काढायचा नाही. राग आहे तो शोरूममधल्या त्या टेबलावर, जिथे बसल्या-बसल्या पहिला प्रश्न येतो, "सर, मंथली किती जमेल?" साइटवर सिमेंटच्या गोणीमागे अर्ध्या दिरहमसाठी सप्लायरशी भांडणारा आपला माणूस या एका प्रश्नाने गार पडतो. कारण प्रश्न आदराने विचारलेला असतो, एसी चालू असतो, चहा आलेला असतो, आणि आपल्या पायात सेफ्टी शूज असूनही कुणीतरी आपल्याला 'सर' म्हणत असतं. तुम्ही एकदा "बाराशे-तेराशे जमेल" म्हणालात की भाव ठरला. पुढचं सगळं काम म्हणजे त्या आकड्यात जास्तीत जास्त काय कोंबता येईल ते बघणं.

आता हिशोब. कागद-पेन घ्या, मी यूएईतला आकडा घेऊन सांगतो.

समजा पिकअप ८० हजार दिरहमची आहे. इथल्या सेंट्रल बँकेच्या नियमाने गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं आणि जास्तीत जास्त ६० महिन्यांसाठी. म्हणजे १६ हजार तुमचे, ६४ हजार बँकेचे. सेल्समन सांगतो, "फक्त साडेतीन टक्के." हा दर फ्लॅट असतो. फ्लॅट म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पाचही वर्षं पूर्ण ६४ हजारांवर लावलेलं असतं. ६४ हजारांचे साडेतीन टक्के २,२४०, गुणिले पाच, ११,२०० दिरहम. एकूण परतफेड ७५,२००, हप्ता १,२५३. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला तुमच्याकडे बँकेचे खरे तर साडेचौदा हजारांच्या आसपासच राहिलेले असतात, पण तुमच्या व्याजाचा हिशोब ६४ हजारांवर झालेला आहे. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेतीन नाही, साडेसहा टक्के पडतो. म्हणून बँकेत किंवा शोरूममध्ये एकच प्रश्न ठणकावून विचारायचा: "रिड्यूसिंग दर किती?" उत्तर टाळलं तर उठायचं.

११,२०० हा आकडा लहान वाटत असेल तर शेजारी दुसरा ठेवतो. मूळ पगार १,५०० दिरहम असलेला माणूस सहा वर्षं राबला तर इथल्या कायद्याने त्याला ग्रॅच्युइटी मिळते पहिल्या पाच वर्षांची दर वर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी आणि सहाव्या वर्षाची ३० दिवसांची. ५,२५० अधिक १,५००, मिळून ६,७५०. सहा उन्हाळे, सहा वेळा गावची दिवाळी हुकलेली, त्याचे ६,७५०. आणि पाच वर्षांच्या कर्जाचं व्याज ११,२००. आपले बरेच जण ती ग्रॅच्युइटीच डाऊन पेमेंटमध्ये घालतात, म्हणून हे सांगतोय. तेच कर्ज तीन वर्षांत फेडलं तर व्याज ६,७२० होतं, हप्ता मात्र १,९६४ वर जातो. ज्याचं काम उन्हाळ्यात थंडावतं त्याला तो झेपणार नाही, हे मला कळतं. मग डाऊन पेमेंट वाढवा, किंवा साध्या सिंगल केबिनची, मॅन्युअल गिअरची गाडी बघा. प्लॅस्टर बोर्ड वाहायला टचस्क्रीन लागत नाही.

आता 'सूट'. "तुमच्यासाठी दोन हजार कमी करून दिले," असं म्हणत सेल्समन हात पुढे करतो. त्याच वेळी कर्जाच्या कागदावर २.७५ चा फ्लॅट दर ३.५ झालेला असतो. पाऊण टक्क्याचा फरक, ६४ हजारांवर, पाच वर्षं: २,४००. म्हणजे दोन हजारांची सूट घेऊन तुम्ही चारशे दिरहम जास्त देऊन घरी आलात, आणि वर रूमवर पेढे वाटलेत. म्हणून गाडीचा भाव आणि कर्ज हे दोन वेगळे सौदे आहेत, दोन वेगळ्या दिवशी करा. आधी ज्या बँकेत पगार जमा होतो तिथला दर लेखी घेऊन या. मग शोरूममध्ये रोखीने घेणारा असल्यासारखं बोला.

नंतर येतात किरकोळ गोष्टी. काचेची फिल्म, पेंट प्रोटेक्शन, सर्व्हिस पॅकेज, नोंदणीचा खर्च, 'ॲडमिन'. प्रत्येकाचं नाव घेऊन विचारायचं, हे नको असेल तर किती कमी होतात? आणि भाव व्हॅटसकट आहे का? २०१८ पासून इथे ५ टक्के व्हॅट आहे, ८० हजारांवर तो ४ हजार होतो. विमाही त्यांच्याकडूनच घ्यायची गरज नाही, बाहेर दोन-तीन ठिकाणी विचारा.

"पण भाऊ, तिथला सेल्समन आपला होता, साताऱ्याचा." बरं. साताऱ्याचा असो की केरळचा, त्याला महिन्याचं टार्गेट आहे आणि कमिशन आहे, त्यावर त्याचंही घर चालतं. तो वाईट नाही. पण तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलाय. गाववाला भेटला याचा आनंद बाहेर पार्किंगमध्ये साजरा करा. त्याच्या टार्गेटचा मात्र फायदा घ्या: महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत जा. रमजानमध्ये इथे गाड्यांच्या खऱ्या ऑफर निघतात, आणि वर्षअखेर जुन्या मॉडेल-इयरचा स्टॉक काढायचा असतो. कामाच्या गाडीला चेसिसवर कोणतं साल आहे याने फरक पडतो तो फक्त विकताना, आणि तोही तुम्ही दहा वर्षं वापरणार असाल तर नाममात्र.

अजून एक. एका ब्रँडचा अधिकृत वितरक एका भागात बहुतेक एकच असतो. त्यामुळे हायलक्सच्या दोन शोरूममध्ये फिरून भाव पाडता येत नाही, मालक एकच. भाव पाडायचा तर ब्रँड लढवायचे. एल-२००, नवारा, डी-मॅक्स, तिघांचं लेखी कोटेशन खिशात घेऊन चौथ्याकडे जा. तुम्ही चार-पाच जण वेगवेगळ्या छोट्या कामांसाठी गाड्या घेणार असाल तर एकत्र जा. मोठ्या कंपन्यांना जो भाव मिळतो तो त्या पाच गाड्या एकदम मागतात म्हणून मिळतो.

आणि आता ज्यावरून हे लिहायला बसलो ते. काही कंपन्यांनी नवा धंदा काढलाय. माणसं आणि सामान साइटवर न्यायला गाडी लागते, ती कंपनीने घ्यायची. पण फोरमनला सांगतात, "तुझ्या नावावर कर्ज काढ, आम्ही महिन्याला गाडीभाडं देऊ." त्याला वाटतं, गाडी फुकट झाली. भाडं किती, किती महिने, काम संपलं तर काय, यातलं काहीच कागदावर नसतं. प्रोजेक्ट आठव्या महिन्यात आटोपतो, भाडं बंद होतं, आणि बावन्न हप्ते त्या माणसाच्या पगारावर उरतात. पगारातून सगळ्या कर्जांची मिळून जास्तीत जास्त निम्मी कपात करता येते, असा नियम आहे. उरलेल्या निम्म्यात इथलं जेवण आणि गावाकडचं घर. बँकेने घेतलेला सिक्युरिटी चेक गंमत म्हणून घेतलेला नसतो. २०२२ पासून पैसे नसल्याने परत आलेल्या चेकवर पूर्वीसारखी सरसकट फौजदारी होत नाही हे खरं, पण बँक तोच चेक घेऊन थेट वसुली कोर्टात जाऊ शकते, आणि प्रवासबंदी लागली तर आईच्या आजारपणालाही विमानात बसता येत नाही.

याच्या उलटाही प्रकार आहे: पैसे चौघांनी मिळून घातले, आणि मुल्कियावर नाव अरबाबचं. त्या गाडीचा भाव तुम्ही कितीही चांगला पाडलेला असो, गाडी त्याची आहे. बुकिंगचे पैसे भरण्याआधी नोंदणी केंद्रात जाऊन विचारा, ही पिकअप माझ्या व्हिसावर माझ्या नावाने चढेल का, की ट्रेड लायसन्स लागेल. चढत नसेल तर कुणाच्या नावावर आणि कोणत्या करारावर, हे आधी लिहून, सही-शिक्क्यानिशी.

कंपनीचा मॅनेजर "तुझ्या नावावर घे" म्हणाला तर त्याला इतकंच सांगा: लेटरहेडवर द्या. भाड्याची रक्कम, ६० महिन्यांची हमी, काम आधी संपलं तर उरलेलं कर्ज कोण फेडणार, टायर आणि सर्व्हिस कुणाकडे. माझ्या माहितीतल्या तिघांनी हे पत्र मागितलं. तिघांनाही ते मिळालं नाही, आणि दोन आठवड्यांत कंपनीने स्वतःच्या नावावर गाडी घेतली.