हाताची सवय

आमच्या घरात संगणकाला हात लावणारा मीच पहिला. 1991 साली ब्रॅम मोलेनार यांनी आणलेला 'विम' हा संपादक मी कष्टाने शिकलो. त्यात एकच कळ कधी अक्षर उमटवते, कधी आज्ञा देते. आता नवे संपादक त्याची नक्कल करतात. 'डी-डब्ल्यू'ने शब्दानंतरची मोकळी जागाही जाते. 'सी-डब्ल्यू'ने ती राहते. ही विसंगती सुधारावी, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. त्याच कळा मूळ विममध्ये व नकलेत दाबून मजकूर आणि कर्सर ताडून पाहावेत. फरक पडला तर चूक नकलेचीच. नांगराचा फाळ बदलला तरी वडिलांच्या मुठीत रुमणे जुनेच असते!