बाप वाईट की गाव? पडद्यावरचं घर आणि आपलं घर

वर्षावासातल्या एका रविवारी मालवण तालुक्यातल्या एका विहारात आम्ही पोरांना 'फँड्री' दाखवला. नागराज मंजुळेंचा हा 2013 चा सिनेमा बहुतेकांनी मोबाईलवर तुकड्यातुकड्याने पाहिलेला होता, सलग पहिल्यांदाच बघत होते. जब्याने शेवटचा दगड भिरकावला तेव्हा टाळ्या पडल्या. मग चर्चा सुरू झाली. पाटील, पालखी, शाळेच्या भिंतीवरच्या महापुरुषांच्या तसबिरी असं सगळं बोलून झालं. शेवटी दहावीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "ताई, माझो बापूसय असोच मारता. मगे तो वायट की नाय?"

विहारात शांतता पसरली. मलाही पटकन उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या पोराच्या प्रश्नासाठी लिहिते आहे.

आपल्याकडे कथा-कादंबऱ्या, नाटक-सिनेमातलं बिघडलेलं घर बहुतेक वेळा स्वभावाने बिघडतं, नशिबाने बिघडतं, नाहीतर भुताने बिघडतं. आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा 2016 पासून 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेमुळे घराघरांत पोचला. आपली मालवणी टीव्हीवर आली याचा आनंद मलाही झाला. पण त्या नाईकांच्या घरात काय काय होतं? जमिनीचा हव्यास आहे, बायकोची घुसमट आहे, बाहेरची बाई आहे, बापाच्या दहशतीत वाढलेली मुलं आहेत. एवढं सगळं हाताशी असताना प्रेक्षकाला गुंतवून ठेवतं ते मात्र भूत! अण्णा नाईक हा माणूस घडला कसा? जमीन, जात आणि पुरुषपण हे तिन्ही एका हातात आल्यावर त्या घरातल्या बाईचं, पोराचं, गड्याचं काय होतं? हे प्रश्न वाड्याबाहेरच राहतात. करणीवर बोट ठेवलं की खोताला जाब विचारावा लागत नाही.

बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्याचा गाभा काय होता? जात टिकते ती जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नामुळे. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या बंदिस्त लग्नव्यवस्थेला सांभाळण्यासाठीच आल्या. म्हणजे जातीचा कारखाना घरातच आहे. हे एकदा समजलं की कुठलीही गोष्ट 'निव्वळ कौटुंबिक' राहत नाही. 'सैराट'मध्ये आर्चीचा भाऊ बहिणीच्या घरी येतो तो एकटा भाऊ म्हणून येत नाही, त्याच्यासोबत अख्खी जात येते.

आता कोकणातल्या दोन आया बघा. एक साने गुरुजींची, दापोलीजवळच्या पालगडची. 'श्यामची आई' 1935 साली आलं आणि ती आई महाराष्ट्राची आई झाली. त्याच पुस्तकात एक म्हातारी महारीण येते. तिची लाकडाची मोळी पडलेली असते आणि कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, मोळी तिच्या डोक्यावर दे आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळात हेही धाडसच होतं, आणि पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी गुरुजी 1947 साली उपोषणाला बसले हे आपण विसरायचं कारण नाही. पण प्रश्न उरतोच. मोळी डोक्यावर घेऊन ती म्हातारी गेली कुठे? तिचं घर कुठे होतं? तिच्या मुलाला ती कशी आई वाटत होती?

याचं उत्तर यायला 2003 साल उजाडावं लागलं. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' सुरूच होतं ते फणसवळ्याच्या बायका ओझी डोक्यावर घेऊन रत्नागिरीच्या बाजाराची वाट तुडवतात तिथून. 1981 मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत आपण सगळे त्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. ऊर्मिलाताई लहान असतानाच शिक्षक वडील गेले आणि आईच्या हाताला बांबूच्या कांबट्या चिकटल्या त्या चिकटल्याच. ही आई मुलांना गोष्टी सांगून संस्कार करत बसत नाही. ती विणते, रागावते, मुलांना शाळेत धाडते. मायेचे शब्द बोलायला तिला उसंत नाही. श्यामची आई गोड आणि ही आई कडू, असा हा स्वभावातला फरक नाही. एकीच्या घराला खोतीची पडती का होईना सावली होती, दुसरीच्या घराला रोजच्या आयदानाचे पैसे. त्या आईच्या विणण्याची आणि आपल्या लिहिण्याची वीण एकच आहे, असं ऊर्मिलाताईंनी पुढे ओळखलं. आईशी असलेल्या अवघड नात्यातून लेखिका घडते ती अशी.

शरणकुमार लिंबाळेंचं 'अक्करमाशी' (1984) तेच सांगतं. त्या घरात बाप नाही, कारण बाप पाटील आहे आणि तो आपल्या घरी आहे. शाळेत बापाचं नाव विचारलं जातं तेव्हा पोराची मान खाली जाते, पाटलाची जात नाही. हे घर मासामायने बिघडवलं का?

आता तेंडुलकरांच्या 'कन्यादान'कडे येऊ. 1983 चं हे नाटक, त्याला पुढे सरस्वती सन्मान मिळाला. समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते आणि अरुण तिला मारतो. आपल्या लोकांनी या नाटकावर राग काढला, आणि रागाला कारण होतं. रंगमंचावर दिसतं ते देवळालीकरांचं घर. अरुणच्या आईबापाचं घर आपल्याला फक्त अरुणच्या तोंडून ऐकू येतं, तेही मारहाणीचं कारण म्हणून. बाप आईला मारायचा, मग मुलगाही मारणार. त्या बापाला कुणी मोडला हे नाटक दाखवत नाही. त्या आईला एक वाक्यही मिळत नाही. नाथच्या भाबड्या आदर्शवादाची परीक्षा घ्यायला हरकत नव्हती. पण त्या परीक्षेसाठी वापरलेला माणूस प्रयोगशाळेतल्या बेडकासारखा टेबलावर पडून राहतो.

इथपर्यंत आपल्यातले सगळे माझ्याशी सहमत असतील. पुढचं काहींना झोंबेल.

'दलित पुरुष बायकोला मारतो' हे तेंडुलकरांनीच पहिल्यांदा सांगितलं का? त्याआधीच 1978 साली दया पवारांनी 'बलुतं'मध्ये संशयापायी आपण सईचं आयुष्य कसं उद्ध्वस्त केलं ते स्वतः लिहून ठेवलं. 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे नवऱ्याच्या भीतीने वीस वर्षं आपलं लिखाण लपवून ठेवत होत्या. चळवळीचा इतिहास जपणारी बाई घरात वही लपवत होती! ऊर्मिलाताई शिकायला, बाहेर बोलायला निघाल्या तेव्हा नवऱ्याचं म्हणणं होतं, आधी घर. आणि 'सैराट'मधला परश्या, मासेमाराचा तो गोड पोरगा, हैदराबादेत संशयाने आर्चीवर हात उचलतो. थिएटरमध्ये तो प्रसंग आपण पटकन विसरलो. शेवटचं रक्त लक्षात राहिलं, मधली थप्पड नाही.

म्हणजे तेंडुलकरांवर चिडायचं आणि बेबीताईंवर गप्प बसायचं, ही आपली सोय झाली. दलित पुरुषाची हिंसा दाखवू नका असं आपलं म्हणणं असूच शकत नाही. आपलं म्हणणं एवढंच असायला हवं की घर दाखवताना घराबाहेरचं गाव दाखवा, आणि मार खाणारीला बोलू द्या. यातला पहिला भाग आपण जोरात बोलतो. दुसऱ्यावर आपला आवाज बसतो.

समाजशास्त्र शिकताना मीही लिहिलं होतं की बाहेरचा अपमान पुरुष घरात वळता करतो. ते खोटं नाही. कचरू पाटलाला उलट बोलू शकत नाही, म्हणून लपलेल्या जब्याला शोधून मारतो. पण अपमानाने माणूस हिंसकच होतो हा नियम असता तर बेबीताई सगळ्यांत हिंसक व्हायला हव्या होत्या. त्यांचा अपमान दुहेरी होता, गावाकडूनही आणि नवऱ्याकडूनही. त्यांनी वही उघडली. 'अक्करमाशी'तला दस्तगीर रक्ताचं नातं नसताना पोराला माया लावतो. गावाने आपल्याला वाकवलं हे खरं. पण वाकलेल्याने घरात काय करायचं, ते गाव ठरवत नाही. ते आपण ठरवतो. जात हे कारण आहे, ती माफी नाही.

जुलै 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेब म्हणाले होते की समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण, बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम व्हायला नकार द्यावा. दर 14 एप्रिलला यातलं पहिलं वाक्य आपण बॅनरवर छापतो. दुसरं घरी नेत नाही.

त्या दिवशी मी त्या पोराला एवढंच म्हटलं, "ह्यां माका नको, तुझ्या आवशीक इचार." त्याची आई मागे नळावर चहाचे पेले विसळत होती. अख्खा सिनेमा तिने येता-जाता दारातून पाहिला होता. चर्चेला बस म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

पुढच्या रविवारी आम्ही 'आयदान' वाचायला घेतलं. त्या दिवशी चहा पोरांनी केला, पेले पोरांनी विसळले, आणि पहिल्यांदा बायका बोलल्या. ती आई काय बोलली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. तिचा मुलगा मान खाली घालून ऐकत होता, एवढं सांगते.

कार्यकर्ते मित्रांनो, पुढच्या वेळी विहारात सिनेमा लावाल, पुस्तकावर बोलाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा. हे घर बाहेरून कुणी मोडलं? आणि आत मार कोण खातंय? पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा प्रश्न सोडू नका. आणि सिनेमा लावण्याआधी नळावर कोण उभं आहे ते बघा.

जय भीम!