अस्थींनाही मान हवा

शहागंजातून निघून अहिल्यानगरचा रस्ता धरला, की गोदावरी ओलांडल्यावर प्रवरेकाठचे नेवासे लागते. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुन्या घरांच्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत पुरलेली बालके सापडली. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती व तिच्या धाग्याचा अंशही टिकून होता. पुढे १९६८ पासून घोड नदीकाठच्या इनामगावीही अशीच दफने उघडकीस आली. आज विद्यापीठाचा दर्जा असलेल्या त्या संस्थेत इनामगावच्या अस्थी अभ्यासासाठी जतन केलेल्या आहेत.

या अभ्यासास आमचा विरोध नाही. दातांवरून आणि हाडांवरून त्या मुलांचा आहार व आजार विद्वानांना कळले, हे थोर ज्ञान होय. १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयी लिहिताना मानवी शरीराच्या मोजमापांचाच आधार घेतला आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे नव्हेत, असे प्रतिपादन केले. शास्त्र आम्हांस शत्रू नाही. अस्थींचा विटाळही आम्ही मानीत नाही.

परंतु प्रश्न मानाचा आहे. ती माळ कोणा मातेनेच लेकराच्या गळ्यात घातली असेल. ते लेकरू 'नमुना' केव्हा झाले? ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० साली मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. त्यांत नागा लोकांच्या कवट्याही होत्या. तरीही २०२४ साली इंग्लंडात एक नागा कवटी लिलावास निघाली व नागा समाजाने आवाज उठविल्यावरच ती मागे घेण्यात आली. आपल्यालाही हे नवे नाही. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्या अस्थी १८५१ साली सांची परिसरात उकरल्या गेल्या, लंडनच्या संग्रहालयात राहिल्या आणि १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात पुन्हा प्रतिष्ठित झाल्या. महास्थविरांच्या अस्थींना मान आणि अनाम बालकाच्या अस्थींना केवळ क्रमांक, हा भेद समतेच्या धर्मात बसतो काय?

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. प्रत्येक विद्यापीठाने व महाविद्यालयाने आपल्याजवळील मानवी अवशेषांची यादी, ते कोठून व केव्हा आणले या माहितीसह, मराठीत प्रसिद्ध करावी. प्रदर्शनात ते ठेवावयाचे असल्यास त्या गावच्या लोकांशी आधी विचारविनिमय करावा. मांडलेली वस्तू नव्हे, मनुष्य आहे, हे फलकावर लिहावे.

आणि बंधुभगिनींनो, आपणही मुलांना संग्रहालयात अवश्य न्यावे. तेथे हशा नको, छायाचित्रांची हौस नको. मुलांना इतकेच सांगावे : हेही आपल्यासारखेच कोणाचे तरी लेकरू होते. ज्यांना जिवंतपणी माणूस म्हणून वागविले गेले नाही, त्यांच्या वंशजांनी मृतांचे माणूसपण विसरू नये.