पडीक दिसणारी डिस्क

सर्व्हरवर जागा कमी पडली की नवखा सिस्टिम अ‍ॅडमिन आधी डिस्कांची यादी काढतो. त्यातल्या एकीवर फाइल सिस्टिम नाही, ती कुठे माउंट केलेली नाही, ‘डीएफ’ कमांडच्या उत्तरात तिचं नावही नाही. म्हणजे मोकळीच असणार! तो तिच्यावर नवी फाइल सिस्टिम बांधतो आणि चहाला जातो. परत येईपर्यंत हिशेब विभागाचे फोन खणखणू लागलेले असतात. मोकळी वाटलेल्या त्या डिस्कवर डेटाबेस बसलेला होता, मध्ये एकही फाइल न ठेवता. डेटाबेस सांभाळणाऱ्या जुन्या डीबीए मंडळींच्या गप्पांत हा किस्सा गाव आणि कंपनी बदलून हमखास निघतो.

फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कच्या गावातलं तलाठ्याचं दप्तर. कोणता तुकडा कोणाचा, केवढा, कधी फेरफार झाला, सगळं तिथे लिहिलेलं. रॉ डिव्हाइस म्हणजे दप्तरात नोंदच नसलेलं शेत. डेटाबेस तिथे वर्षानुवर्षं पीक घेतो, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातबाऱ्यावर ती जमीन पडीकच. मग कोणीतरी येऊन नांगर घालणारच.

तरीही ही पद्धत मूर्खपणातून आली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात इन्ग्रेस हा डेटाबेस घडवणारे मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ मध्ये एक निबंध लिहून ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोयी डेटाबेसच्या कामाच्या नाहीत अशी तक्रार मांडली, आणि ती रास्त होती. जुनं युनिक्स फाइलमध्ये लिहिलेलं लगेच डिस्कवर उतरवत नसे. ते आधी मेमरीत राही आणि साधारण दर ३० सेकंदांनी एकदम खाली ढकललं जाई. खात्यात पैसे जमा झाल्याचा निरोप गेला आणि पुढच्या १० सेकंदांत वीज गेली, तर? शिवाय तीच माहिती डेटाबेस आपल्या मेमरीत ठेवणार आणि युनिक्सही आपल्या, म्हणजे दुहेरी साठा. त्यावर कडी म्हणजे एका फाइलमध्ये एका वेळी एकानेच लिहायचं, बाकीचे रांगेत. मशीन कोसळलं तर ‘एफएससीके’ची तपासणी संपेपर्यंत तासन् तास वाट पाहायची. ओरॅकल, सायबेस, इन्फॉर्मिक्स हे डेटाबेस चालवणाऱ्यांनी तलाठ्याला वगळून थेट जमीन कसायला घेतली ती यामुळे. इन्फॉर्मिक्सवाले तर फाइल सिस्टिममधल्या फाइलला ‘कुक्ड’, म्हणजे शिजवलेली, म्हणत. कच्चं ते उत्तम, हा त्या काळचा धर्म.

या धर्माला तडा देणाऱ्या एका कंपनीचा पुण्याशीही संबंध होता. पुण्यात मोठं विकासकेंद्र असलेल्या व्हेरिटास कंपनीच्या ‘क्विक आय-ओ’ या सोयीत फाइलच्या नावाला एक खास शेपूट जोडलं की डेटाबेसला ती रॉ डिव्हाइस वाटे, आणि बॅकअप घेणाऱ्याला मात्र साधी फाइल दिसे. पुढे सगळ्यांनीच ही वाट धरली. सोलारिस या युनिक्सने २.६ आवृत्तीत, लिनक्सने २००१ मध्ये २.४.१० या कर्नलमध्ये मधली मेमरी टाळून थेट लिहिण्याची सोय दिली. एआयएक्स या युनिक्सच्या ५.२ आवृत्तीत एकाच फाइलवर अनेकांना एकदम लिहिता येऊ लागलं. लिनक्सच्या या सोयीची रचना एखाद्या भ्रमिष्ट माकडाने नशेत केली असावी, अशी टर लिनस टॉरवाल्ड्स यांनी उडवली होती आणि ती लिनक्सच्या मदतपानातही जाऊन बसली. पण माकडाची असो वा माणसाची, सोय कामाला आली. बदलांची आधीच नोंद ठेवणाऱ्या जर्नलिंगमुळे ‘एफएससीके’ची तासांची वाटही संपली. रॉ डिव्हाइसच्या बाजूचा एकेक मुद्दा असा गळून पडला. उरली ती सवय.

सवय मोडायची म्हणजे स्थलांतर, आणि तिथेच बहुतेकांचे पाय लटपटतात. रॉ डिव्हाइसवरची माहिती नेहमीच्या ‘सीपी’ने उचलता येत नाही, लागते ‘डीडी’. ही कमांड अडाणी नोकरासारखी आहे, सांगितलं तेवढंच करते. एआयएक्सच्या लॉजिकल व्हॉल्यूमच्या तोंडाशी अनेकदा ४ केबी जागा व्हॉल्यूम मॅनेजरसाठी राखलेली असते, डेटाबेससाठी नव्हे. ती वगळायला विसरलं की तयार झालेली फाइल ओरॅकल ओळखतच नाही. कुठून वाचायचं ते सांगणारा ‘आयएफ’ आणि कुठे लिहायचं ते सांगणारा ‘ओएफ’ यांची अदलाबदल झाली तर मूळ माहितीवरच बोळा फिरतो.

त्यापेक्षा ओरॅकलचं बॅकअपचं साधन ‘आरमॅन’ बरं. बदलांचे जुने लॉग जपणारं आर्काइव्हलॉग चालू असेल तर डेटाबेस सुरू ठेवून एकेका डेटाफाइलची प्रत फाइल सिस्टिमवर काढायची. मग ती डेटाफाइल थोडा वेळ ऑफलाइन करून प्रतीकडे ‘स्विच’ करायचं, दरम्यानचे बदल लॉगमधून चढवायचे आणि पुन्हा ऑनलाइन आणायची. सिस्टिम टेबलस्पेस आणि कंट्रोल फाइल यांच्यासाठी मात्र डेटाबेस बंद करावाच लागतो. जुन्या डिस्का लगेच पुसायच्या नाहीत, एवढं पथ्य पाळावं.

स्थलांतरानंतर ‘फाइल सिस्टिम हळू आहे’ अशी ओरड होते. पुष्कळदा दोष फाइल सिस्टिमचा नसतो. ओरॅकलचं ‘फाइलसिस्टिमआयओ_ऑप्शन्स’ हे सेटिंग ‘सेटऑल’ करायचं राहिलेलं असतं आणि दुहेरी साठ्याचं जुनं दुखणं परत आलेलं असतं.

उलट बाजूलाही दाखले आहेत. सेफ ही विखुरलेल्या साठवणुकीची प्रणाली सुमारे १० वर्षं फाइल सिस्टिमवर राहिली आणि २०१७ मध्ये ब्लूस्टोअर आणून थेट डिस्कवर गेली. तिच्यामागे साठवणुकीवरच काम करणारे अभियंते आहेत. जिल्ह्याच्या गावच्या बँकेत मात्र एकटाच डीबीए असतो, आणि तोच प्रिंटरही दुरुस्त करतो. फाइल सिस्टिम नेहमी खरं बोलते असंही नाही. लिखाण फसल्याचं लिनक्स एकदा सांगतं आणि पुन्हा विचारल्यावर सगळं ठीक म्हणतं, हे पोस्टग्रेसक्यूएलच्या मंडळींना २०१८ मध्ये उमगलं. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून अशा वेळी डेटाबेस स्वतःला थांबवतो आणि लॉगवरून सावरतो. पण चूक सापडली, दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचली. एकट्याने नांगरलेल्या शेतात हे घडत नाही.

ओरॅकलने डिस्का सांभाळायला एएसएम हा स्वतःचा वेगळा तलाठी नेमला. त्याच्याही डिस्का बाहेरच्याला रिकाम्याच दिसतात, म्हणून कंपनीला पुढे फिल्टर ड्रायव्हर आणावा लागला. ओरॅकलखेरीज कोणी लिहायला आलं तर तो दारातूनच परत पाठवतो. किस्सा गप्पांपुरताच असता तर हा पहारेकरी लागला नसता.

आता वेळ फारशी उरलेली नाही. ओरॅकलने १२सी आवृत्तीत, २०१३ मध्ये, रॉ डिव्हाइसचा थेट वापर बंद केला. लिनक्सने २०२१ मध्ये ५.१४ कर्नलमधून रॉ ड्रायव्हरच काढून टाकला. ज्या कार्यालयांचे डेटाबेस अजून अशा डिस्कांवर आहेत, तिथे कोणत्या व्हॉल्यूमवर काय आहे हे बहुधा एकाच ज्येष्ठ माणसाच्या वहीत लिहिलेलं असतं. ती वही आजच टंकून घ्या आणि स्थलांतराची तारीख त्या माणसाच्या निवृत्तीच्या आधीची ठरवा.