रोटी झाली, बेटीचे काय?

ताटातून जात दिसेनाशी झाली म्हणजे ती मेली, असे मानणारे भाबडे लोक आजही कमी नाहीत. बारामतीत आता पिझ्झा-पास्ता विकणारी छोटी कॅफे आहेत. मंद दिवे, दोन खुर्च्यांचे टेबल आणि एकाच ताटलीतून खाणारी कॉलेजची मुलगी आणि मुलगा. तिथे कोणी आडनाव विचारत नाही. पैसे मोजा, खा आणि जा. इटलीही बारामतीला परकी राहिलेली नाही. पियाजिओच्या तीनचाकी गाड्या आणि फरेरोची किंडर जॉय इथल्याच एमआयडीसीत तयार होतात. दोन्ही कंपन्या इटलीच्या. पिझ्झ्यावरचे चीज बनवणारा मोठा कारखानाही बारामतीचाच. हे सगळे दाखवून 'आता कुठे राहिली जात?' असा प्रश्न तथाकथित पुरोगामी आपल्याला विचारतात.

त्यांना सांगितले पाहिजे की हे टेबल कोणी दान दिलेले नाही. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना 1917 साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना काठ्यांच्या धाकाने बाहेर काढण्यात आले. 1927 साली महाडला ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तेव्हा कुठे संविधानाच्या 15 व्या कलमात हॉटेल आणि उपाहारगृहाचा दरवाजा सर्वांना खुला असल्याचे लिहिले गेले आणि 1955 च्या कायद्याने तो अडवणे गुन्हा ठरले. तरीही 1972 साली याच इंदापूर तालुक्यातील बावडा गावात संपूर्ण बौद्ध वस्तीवर बहिष्कार टाकला गेला. दलित पँथरचा जन्म त्याच वर्षीचा. बावड्याचा संताप त्या जन्माच्या कारणांपैकी एक होता.

म्हणजे रोटीची लढाई आपण रक्त आटवून बरीचशी जिंकली. पण बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नव्हते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी 1936 साली लिहिलेल्या, पण मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी स्पष्ट बजावले होते की सहभोजनाने जात मरत नाही. रक्ताची सरमिसळ झाली तरच माणसे एकमेकांची होतात. खरा उपाय आंतरजातीय विवाह. बारामतीच्या त्या टेबलावर नेमकी हीच कसोटी आहे. दोघे एका ताटात जेवतात तोवर कोणाचे काही जात नाही. दोघे एका घरात राहू म्हणाले की गाव उठून उभे राहते.

बिल देऊन ती दोघे एस.टी. स्टँडवर पोहोचण्याआधी कोणीतरी काढलेला फोटो मोबाईलवरून गावात पोहोचलेला असतो. मुलीचे कॉलेज बंद होते, महिनाभरात स्थळ ठरते. मुलगा आपल्या वस्तीतला असेल तर त्याच्या जिवाचीच भीती. जामखेड तालुक्यातील खर्ड्यात 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या आपल्या मुलाला सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून हाल करून मारण्यात आले. 2017 साली सगळे आरोपी निर्दोष सुटले. मग त्याला मारले कोणी? उजनीच्या पाण्यापलीकडच्या करमाळा तालुक्यातले नागराज मंजुळे यांनी 2016 साली 'सैराट' काढला. त्याच्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र नाचला आणि घरी जाऊन मुलीचा मोबाईल तपासू लागला!

कायदे आहेत. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने जात-धर्म न बदलता लग्न करता येते. पण त्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते आणि ती वाचायला नातेवाईक आधी येतात. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 रोजी दिला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. बारामती-इंदापूरच्या किती मुलामुलींना हे माहीत आहे? आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

आणि बोट फक्त सवर्णांकडे दाखवून भागणार नाही. बौद्ध घरातही सोयरीक जमवताना पोटजात विचारली जाते. मातंग, चर्मकार सून आणताना आपल्याही कपाळावर आठ्या पडतात. जयंतीच्या मंचावर 'जातिअंत' आणि घरात 'आपल्यातलीच बघा', हा दुटप्पीपणा बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही.

म्हणून चळवळीने एक काम हाती घ्यावे. प्रत्येक तालुक्यात पाच कार्यकर्ते, एक वकील आणि दोन रात्री आसरा देणारे एक घर एवढे तरी उभे करावे. नोटिशीच्या तीस दिवसांत त्या दोघांच्या पाठीशी उभे राहावे. विहारात त्यांचे लग्न लावावे आणि वस्तीने वऱ्हाडी व्हावे. हॉटेलवाला त्यांना तासभर बसू देतो, तो त्याचा धंदा आहे. आयुष्यभर बसायला जागा देणे हे आपले काम आहे.